कान जायच्या आत

सुदामभाऊ रंगारी नव्या माणसाला नावगाव आधी विचारतच नसत. पहिला प्रश्न ठरलेला : "तुमच्या घरी कोन गाते?" माणूस गडबडायचा. म्हणायचा, कोणीच नाही. त्यावर हे म्हणणार, "असं कसं होईन जी? भांडे घासता घासता का होईना, कोनी तं गातच असन." मग समोरचा डोकं खाजवून एखादी आत्या, एखादी आजी काढायचाच. ती कुठली, तिचं माहेर कुठलं, तिच्या घरी जुन्या तबकड्या होत्या का, त्या आता कोणाकडे आहेत, इथपर्यंत गाडी यायची. ऐकणाऱ्याला वाटायचं म्हातारा गप्पिष्ट आहे. त्या गप्पा नव्हत्या. ती चौकशी होती, आणि ती पन्नास-साठ वर्षं चालू होती.

मी आणि ते हिंगण्याच्या एकाच कारखान्यात. ते प्रेस शॉपला फिटर, मी स्टोअरला. नटबोल्टापासून हात पुसायच्या चिंध्यांपर्यंत सगळं माझ्या खिडकीतून सही घेऊन जायचं, आणि तीस वर्षं मी कोणाला एक चिंधी जास्त दिली नाही. माझा स्वभाव खडूस आहे. आधीच सांगून टाकतो; पुढे कळणारच आहे. सुदामभाऊ मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय गा स्टोअरवाले," म्हणायचे. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याची मागणीची चिठ्ठी आठ दिवस दाबून ठेवली असती.

कंपनीच्या बसमध्ये ते मुद्दाम मागच्या चाकावरच्या सीटवर बसत. तिथे कोणी बसत नाही, हाडं खिळखिळी होतात. एकदा उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "उजव्या चाकाचं बेअरिंग रडून राह्यलं बावा, दाखवून घे." ड्रायव्हर हसला. दोन दिवसांनी हिंगणा टी-पॉइंटला बस त्याच चाकावर बसली आणि आम्हा चाळीस जणांचा अर्धा दिवस कापला गेला. मी ड्रायव्हरला यथेच्छ शिव्या घातल्या. सुदामभाऊ म्हणाले, "त्याले आयकू नाही आलं, त्याचा काय दोष?" आणि डबा काखोटीला मारून चालायला लागले.

मला तबकड्यांच्या नादाला त्यांनीच लावलं. रविवारी सकाळी आम्ही इतवारीत भंगारवाल्यांकडे जायचो. मी गाणाऱ्यांची नावं वाचायचो, घासाघीस करायचो. ते फक्त लेबलचा रंग बघत. शंभर तबकड्यांचा ढीग पाच मिनिटांत उलथायचा आणि रिकाम्या हातानं उठायचं. तबकडी धरायची ती दोन तळव्यांच्या मध्ये, काळ्या भागाला बोट लागू द्यायचं नाही. दर गाण्याला नवी सुई. वापरलेल्या सुया ते लोणच्याच्या बरणीत साठवत. "तिनं येवढं गानं वाचलं, तिले कचऱ्यात कशी टाकाव?" असं म्हणत. आणि सुई एकदा टेकवली की गाणं संपेपर्यंत उचलायची नाही. अर्ध्यात उठवलं तर गाणाऱ्याचा अपमान होतो म्हणे. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं.

लेबलच्या रंगाची भानगड काय, हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

त्यांची मोठी बहीण यशोदा. तिला ते बाई म्हणत. पाचपावलीला त्यांच्या वस्तीत गाणाऱ्यांची मंडळी होती. दीक्षा घेतली तशी जुनी भजनं बंद झाली, बुद्धाची नवी गाणी रचली गेली आणि ती गायला पुढे कोण, तर ही सोळा-सतरा वर्षांची पोरगी. कोण्या लहानशा कंपनीनं मंडळीला मुंबईला नेलं आणि एका बाजूवर तिचं गाणं घेतलं. हिरव्या लेबलची तबकडी. थोड्याशाच निघाल्या, वाटल्या गेल्या, आणि कंपनीही बुडाली. पुढच्या वर्षी बाईचं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. फोटो एकही नाही. फोटो काढायची ऐपत कोणाची होती?

"आणि घरची तबकडी?" मी म्हटलं.

"गेली," इतकंच म्हणाले. कशी गेली ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"चेहरा तं मी इसरलोच गा तिचा," ते म्हणाले. "आवाजही इसरलो. येवढंच आठवते का ती गाये तवा माय चूल सोडून दारात येऊन बसे. एक डाव आयकाचं हाय मले. फक्त एक डाव."

त्या दिवसापासून मीही हिरवं लेबल बघायला लागलो. पण खरं सांगायचं तर इतवारीच्या पलीकडे मी कधी गेलो नाही. रविवारी दुपारी मला झोप लागते.

मग गेल्या पाच-सहा वर्षांत पोट्टे आले. कुठून आले कोण जाणे. धरमपेठेत कॉफीची दुकानं निघाली, तिथे भिंतीवर तबकड्या टांगल्या गेल्या, आणि ज्यांच्या बापांनी आपापल्या बापांच्या तबकड्या भंगारात घातल्या होत्या, ती पोरं विनाइल, विनाइल करत हिंडायला लागली. आमच्या वेळी कोणी हा शब्द उच्चारला असता तर आम्हाला जमिनीवर अंथरायचं काहीतरी वाटलं असतं. पेटीसारखी बंद होणारी रंगीत यंत्रं घ्यायची, त्यावर तबकडी ठेवायची, आधी फोटो काढायचा आणि जमलंच तर गाणं ऐकायचं. एकानं तर तबकडी चौकटीत मढवली होती. मी त्याला म्हटलं, हार पण घाल.

कोणीतरी सुदामभाऊंचा पत्ता दिला आणि रविवारी ही फौज पाचपावलीला त्यांच्या माडीवर यायला लागली. एक पोरगा आला, म्हणाला, काय खर्ज लागलाय बुवांचा, अंगावर काटा येतो. ऐकलं तर ते बुवा नव्हतेच, बाई होत्या. जुनी जोरात फिरणारी तबकडी त्यानं मोठ्या तबकडीच्या संथ वेगावर लावली होती. मी हसून हसून खोकलो. सुदामभाऊ हसले नाहीत. त्यांनी ती आपल्या चावीच्या ग्रामोफोनवर लावली. गाणं संपेपर्यंत त्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"काहून डोक्यावर बसवून राहिले ह्या पोट्ट्यांना?" मी एकदा चिडून विचारलं. "दोन वर्षांची हौस आहे. लाखेची कोणती आणि प्लास्टिकची कोणती, हे पण समजत नाही ह्यांना."

"तं सांग ना मंग त्याईले."

"मी काय शाळा काढली आहे?"

सुदामभाऊ म्हणाले, "दोन वर्षांनी टाकतीन तं टाकतीन गा. पन आज येवढे पोट्टे येवढ्या घरी जाऊन माळे उघडून राह्यले. मी एकटा किती माळे उघडले असते?"

त्यांना घाई होती, हे मला माहीत होतं. प्रेस शॉपनं त्यांचे कान खाल्ले होते. ज्या कानांना बेअरिंगचं रडणं कळायचं, त्यांना आता सुनेची हाक कळेना. आधी बारीक आवाज गेले. डॉक्टरांनी कानात यंत्र घातलं, तर त्यात सगळी गाणी टिनाच्या पत्र्यावर गायल्यासारखी व्हायची. मग त्यांनी आपली युक्ती काढली. ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर जबडा टेकवून, डोळे मिटून बसायचे. हाडातून गाणं कळायचं म्हणे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पेटीवर डोकं ठेवून झोपला. "हे बी जाईन," ते म्हणायचे. "वर्षभर रायलं तरी खूप झालं. त्याच्या आत आयकू आली पायजे."

त्या फौजेतच तन्वी होती. उमरेडच्या विणकरांच्या घरातली पोरगी. आजोबांच्या मागाच्या खड्ड्यावर आता फळी टाकून तिचा भाऊ मोटारसायकल उभी करतो. ती इथे कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. पहिल्या दिवशी सुदामभाऊंनी नेहमीचा प्रश्न टाकला, "घरी कोन गाते वं?" ती म्हणाली, "मीच गाते आबाजी," आणि तिथेच उभ्या उभ्या गायली. आवाज बरा होता, सूर जरा खाली. सुदामभाऊंनी तिला बाईची गोष्ट सांगितली. मला सांगायला त्यांना अकरा वर्षं लागली होती.

तन्वीनं वहीत सगळं लिहून घेतलं : मंडळीत कोण कोण होतं, पेटी कोण वाजवायचा, कोणाची सोयरीक कुठे झाली. मग दर रविवारी स्कूटी काढून निघायची. रामटेक झालं, मौदा झालं. संध्याकाळी धुळीनं माखून यायची आणि सुदामभाऊ तिच्यासाठी चहा झाकून ठेवायचे. मला राग यायचा. राग म्हणजे काय, जळायचो मी. तीस वर्षांच्या दोस्तीत जे मला सुचलं नाही, ते ही सहा महिन्यांत करत होती.

एका शुक्रवारी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. फोन वाजला. तन्वी.

"काका, एक विचारू? तबकडी खूप मळलेली असली तर स्पिरिटनं पुसलेली चालते ना? नेटवर लिहिलं आहे."

"चालते. आम्हीही तेच वापरतो."

"पण काका, ही आहे ना—"

"आणि दुपारचा फोन नको करत जाऊ," म्हटलं आणि ठेवला. लगेच झोप लागली मला. छान झोप लागली.

रविवारी ती आली तेव्हा माडीवर आम्ही दोघंच होतो. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि चेहरा असा, की पाहूनच सुदामभाऊ उठून उभे राहिले.

"पारशिवनीला सापडली, आबाजी. पेटीवाल्यांच्या नातवाच्या घरी. धानाच्या कोठीमागे होती, कांबळ्यात गुंडाळून. बुरशी चढली होती नुसती. मी दोनदा पुसली, साफ करून आणली तुमच्यासाठी."

हिरवं लेबल. सुदामभाऊंनी भिंग लावून अक्षरं वाचली. यशोदा रंगारी आणि मंडळी. मग जन्मात पहिल्यांदा त्यांचा अंगठा तबकडीच्या काळ्या भागावर टेकला आणि तिथेच राहिला.

मला त्याच वेळी वास आला. स्पिरिटचा वास मी झोपेतही ओळखीन. कारखान्यात लाकडी साचे पॉलिश करणाऱ्यांना दर महिन्याला मी दोन वस्तू देत होतो, चपडा आणि स्पिरिट. चपडा म्हणजे लाख. ती स्पिरिटमध्ये टाकली की विरघळते आणि पॉलिश तयार होतं. प्लास्टिकच्या तबकडीला स्पिरिटनं काही होत नाही, तीच आम्ही त्यानं पुसायचो. लाखेच्या तबकडीवर ते फिरवायचं म्हणजे पाटीवरचं ओल्या फडक्यानं पुसायचं. अख्ख्या नागपुरात ही गोष्ट ज्याला सगळ्यांत पक्की ठाऊक होती, तो माणूस शुक्रवारी दुपारी "चालते" म्हणून झोपला होता.

मी तबकडीकडे पाहिलं. चकाकी गेली होती, वर राखेचा रंग आला होता.

सुदामभाऊंनी चावी भरली, नवी सुई लावली, पेटीवर जबडा टेकवला आणि डोळे मिटले. खरखर सुरू झाली. नुसती खरखर. कढई कोरडी तापत राहावी तशी. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. त्यांनी जबडा सरकवला, दुसरा गाल लावला. मग डोळे उघडून आमच्याकडे बघत म्हणाले, "वाजून राह्यली काय वं?"

तन्वी फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होती.

"गेले वाटते गा," ते मला म्हणाले. "कान गेले माये. आजच जायचे होते."

त्या क्षणी तन्वी गप्प राहिली असती तर सुटली असती. म्हाताऱ्यानं आपल्या कानांना दोष दिला असता आणि तो दोष घेऊनच तो मेला असता. मी गप्पच होतो. पण ती त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "नाही आबाजी, कान नाही गेले. तबकडीच गेली. मी पुसली ना, स्पिरिटनं. माझ्यामुळे झालं." आणि तिनं एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं. मी सुयांच्या बरणीकडे बघत होतो.

ती खाली बसून रडायला लागली. यंत्र फिरतच होतं. त्यांच्या नियमाप्रमाणे सुई कोणी उचलली नाही. सुदामभाऊ एकदम ओरडले, "गाढव हायेस तू! अक्कल हाय का नाही? लाखेले कोनी स्पिरिट लावते? इचारता नाही आलं तुले?"

इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. तन्वी दचकून बघायला लागली. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरची होती ना, ते मी फोडली होती. बारा वर्षाचा होतो. बाई गेल्यावर मायनं मले तबकडी देऊन हाटेलात धाडलं, तिथं मशीन होती, चार लोकाईनं आयकाव म्हनून. रस्त्यात पोट्टे गोट्या खेळून राहिले होते. मी कठड्यावर ठेवली आन् खेळाले बसलो. पडली. दोन तुकडे. घरी नेऊन मायच्या हाती देल्ले. माय काहीच नाही बोलली. मारलं नाही, शिवी देल्ली नाही. मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही त्याच्यावर. तेच लय झालं वं. म्हनून तुले बोललो. झालं आता. फिटलं तुयं. पूस डोळे."

मला तेव्हाच तोंड उघडायचं होतं. देवाशपथ, जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात यंत्राचा आवाज बदलला. लेबलवरची अक्षरं धुतली जाऊ नयेत म्हणून तन्वीनं लेबलपासून बोटभर जागा सोडून पुसलं होतं. सुई त्या न पुसलेल्या काठावर पोचली होती. पाच-सहा माणसांचा शेवटचा सूर आला, लख्ख, खोलीत उभे असावेत इतका जवळ. तो थांबला. मग शांतता. गाणं संपलं होतं, पण त्या लहान कंपनीच्या माणसाला यंत्र बंद करायला उशीर झाला असावा. कारण त्या शांततेत एका पोरीचा आवाज आला, गाण्याचा नाही, साधा, थोडा दमलेला : "झालं का?"

तन्वीनं माझा हात धरला. सुदामभाऊंना काही कळलं नव्हतं. तिनं त्यांना ओढतच पेटीपाशी नेलं, सुई शेवटच्या बोटभर जागेवर ठेवली, त्यांचं डोकं आपल्या हातांनी लाकडावर टेकवलं. सूर. शांतता. झालं का?

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "बाई," म्हणाले. विचार करावा लागला नाही त्यांना. "बाईच हाय."

तन्वीनं तो आवाज मोबाइलमध्ये घेतला, पण मोबाइलला जबडा लावून काय कळणार? ते ग्रामोफोनवरच लावायचे. लोखंडी सुई दर वेळी थोडी लाख खरवडून नेते, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? तन्वी म्हणाली, आबाजी, थोडं जपून. ते म्हणाले, "कोनासाठी जपू वं? तिले ओळखनारा मी एकटाच रायलो." सून सांगायची, सकाळपासून तेच चालू असतं. ती माडीवर जायला कचरायला लागली होती. म्हणायची, वर दोन माणसं बोलल्यासारखं वाटते.

स्पिरिटचं आधी फोनवर कोणाला विचारलं होतं, हे तन्वीनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला भेटते तेव्हा नीट बोलते, तब्येत विचारते. मला ते सहन होत नाही.

मग एका गुरुवारी मी ठरवून गेलो. सांगून टाकायचं. त्यांनी मलाही गाढव म्हणावं, ओरडावं, चार घरांत ऐकू जाईल असं ओरडावं आणि मोकळं करावं. माडीवर चढलो. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते, जबडा पेटीवर. मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, "सुदामभाऊ, तिनं मला विचारलं होतं. मीच चालते म्हटलं."

हळू म्हणालो. अगदी हळू. ह्या कानांना ऐकू येणार नाही, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच तितकं हळू म्हणालो.

सावली हलली असेल. त्यांनी मान वळवली. "काही म्हनलं काय गा, स्टोअरवाले?"

"काही नाही. चहा झाला का, विचारलं."

"झाला ना," ते म्हणाले आणि पुन्हा सुई उचलून शेवटच्या काठावर ठेवली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. नवव्या दिवशी ते गेले. त्या गुरुवारी मी दारातून पाहिलं ते असं : जबडा लाकडावर, डोळे मिटलेले, हात पेटीच्या दोन्ही बाजूंना. खरखर आता तिथेही वाढली होती. सूर आला, आधीपेक्षा पातळ. मग शांतता. मग त्या पोरीनं विचारलं, "झालं का?"

"नाही बाई," लाकडाशी तोंड ठेवूनच ते म्हणाले, "बैस अजून."